थर्मोस्टॅट दोनदा बदलला, तरी चेक लाइट परत लागतो

राम राम. आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत सांगतो. माझ्या समजण्यात काही चूक असेल तर इथंच कळेल.

गाडी टर्बो पेट्रोल, सात वर्षं जुनी. रोजची फेरी अंबाजोगाई ते लातूर. पाच महिन्यांमागे चेक लाइट लागला, स्कॅनरवर पी०५९७ हा कोड आला आणि मेकॅनिकनं थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनचं पाणी रेडिएटरकडे सोडणारा वॉल्व्ह, बदलला. आठ-दहा दिवस दिवा गप्प राहिला, मग परत लागला. दुसरा थर्मोस्टॅट टाकला, पुन्हा तेच. दिवा लागलेला असला की रेडिएटरचा फॅन जोरात भणभणत राहतो. काटा मात्र मधोमधच असतो आणि गाडी आजवर एकदाही उकळलेली नाही. आता गॅरेजवाला म्हणतोय, "कंप्युटरच गेलाय बगा, चाळीस हजार धरून चाला." तुम्ही विचारताय, घालू का चाळीस हजार?

आत्ता घालू नका. इसीएम, म्हणजे गाडीचा तो कंप्युटर, जात नाही असं मी म्हणत नाही. पंचवीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतोय, त्यात खरोखर गेलेले इसीएम पाहिलेत. पण तुम्ही जे लिहिलंय त्यात इसीएम गेल्याची एकही खूण नाही. हा सर्किटमधला दोष आहे आणि अजून कुणी तो शोधलेलाच नाही. आतापर्यंत फक्त पार्ट बदलले गेलेत.

कोडनं "थर्मोस्टॅट खराब आहे" असं म्हटलेलंच नाही. पी०५९७ चा अर्थ एवढाच की थर्मोस्टॅटच्या हीटरचं सर्किट इसीएमला तुटलेलं दिसलं. याचेच दोन भाऊ आहेत. पी०५९८ म्हणजे त्याच सर्किटवर व्होल्टेज हवं त्यापेक्षा कमी, आणि पी०५९९ म्हणजे जास्त. आता हे सर्किट बघा. बॅटरीतून निघालेला करंट फ्यूज नि रिलेतून वायरनं थर्मोस्टॅटच्या कपलरपर्यंत, म्हणजे वायर जोडायच्या प्लगपर्यंत, येतो. तिथल्या एका पिनेतून हीटरच्या कॉइलमध्ये शिरतो, दुसऱ्या पिनेतून बाहेर पडतो आणि दुसऱ्या वायरनं इसीएमच्या मोठ्या कपलरपर्यंत जातो. इसीएमच्या पोटात एक ट्रान्झिस्टर असतो, तो अर्थ जोडतो नि तोडतो. या सगळ्या साखळीत थर्मोस्टॅट ही एक कडी. मधली कुठलीही कडी सुटली तरी इसीएमला एकच चित्र दिसतं आणि तो एकच कोड लिहितो. स्कॅनरच्या पडद्यावर "थर्मोस्टॅट" हा शब्द दिसतो आणि सगळ्यांचा हात थर्मोस्टॅटकडेच जातो, घोळ तिथं होतो.

आता हा हीटर असतो कशाला, ते थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. साध्या थर्मोस्टॅटमध्ये मेणाची गोळी असते. पाणी ८२ ते ९० अंशांच्या आसपास तापलं की मेण फुगतं, वॉल्व्ह उघडतो, पाणी रेडिएटरकडे सुटतं. तुमच्या गाडीसारख्या इंजिनांत गोळी जरा कडक मेणाची असते, ती आपली आपण साधारण १०३ ते १०५ अंशांना उघडते. निवांत चालवताना इंजिन मुद्दाम इतकं गरम ठेवतात, घर्षण कमी होतं आणि पेट्रोल वाचतं. घाट आला, ओव्हरटेक करायचं आहे, एसी चालू आहे आणि वर उन्हाळा आहे, अशा वेळी इसीएम त्या मेणात बसवलेल्या छोट्या हीटरला करंट देतो. मेण पाण्याच्या आधी तापतं, वॉल्व्ह लवकर उघडतो आणि इंजिन ९० च्या आसपास येतं.

म्हणून हीटरचं सर्किट तुटलं तरी गाडी लगेच उकळत नाही. मेण १०५ ला उघडतंच. फक्त इसीएमच्या हातातला लगाम सुटतो, म्हणून तो धोका नको असं ठरवून फॅन जोरात चालवतो. तुमचा फॅन भणभणतो तो त्यामुळे. फॅनमध्ये दोष नाही. काटा मधोमध आहे यावर मात्र भिस्त ठेवू नका. आजच्या बऱ्याच गाड्यांत तो काटा मुद्दाम आळशी केलेला असतो. पाणी ८० वर असो की १०५ वर, तो मधोमधच उभा राहतो, उगाच गिऱ्हाइकानं घाबरून फोन करू नये म्हणून. खरं तापमान बघायचं तर स्कॅनरच्या लाइव्ह डेटातच.

काही गोष्टी तुमच्या गाडीवर आणि परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या तुम्हालाच बघाव्या लागतील. पहिली आणि सगळ्यात मोठी म्हणजे कोड मारल्यावर, म्हणजे स्कॅनरनं पुसल्यावर, तो परत कधी येतो. किल्ली फिरवताच आला तर सर्किट कायमचं तुटलेलं आहे आणि ते शोधणं सोपं. गाडी तापल्यावर, खड्ड्यात आपटल्यावर, वॉशिंग सेंटरवरून आल्यावर किंवा पाऊस पडल्यावर आला, तर तुटणं येऊन-जाऊन आहे. तुमचा आठ-दहा दिवसांनी येतो. मला तर यातच निम्मं उत्तर दिसतं. इसीएमचा ट्रान्झिस्टर जळला असता तर त्यानं आठ-दहा दिवस कशाला वाट पाहिली असती? आणि दोन्ही वेळा नवा पार्ट टाकल्यावर काही दिवस बरं वाटलं, याचंही कारण पार्टच असेल असं नाही. पार्ट बदलताना कपलर काढून परत दाबला गेला. पिना एकमेकांवर घासल्या, वरचा मळ निघाला, चार दिवस करंट नीट गेला. मी पैजेवर सांगत नाही, पण माझा पहिला संशय कपलरवर आहे.

दुसरी गोष्ट, कोडसोबत इसीएम एक नोंद करून ठेवतो, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पडला त्या क्षणी वेग किती होता, पाणी किती तापलं होतं, इंजिनवर लोड किती होता, बऱ्याच गाड्यांत बॅटरीचं व्होल्टेज किती होतं, हे सगळं त्यात असतं. गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावून आधी कोड मारला असेल तर ती नोंदही त्याच्याबरोबर पुसली गेली. पुढच्या वेळी दिवा लागला की कुणालाही कोड मारू देण्याआधी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा. पाणी ३५ अंशांवर आणि वेग शून्य असं दिसलं तर सकाळच्या सेल्फच्या वेळी काहीतरी झालंय, मग बॅटरी आणि अर्थिंग आधी बघायचं. पाणी १०० च्या वर आणि वेग ७० असेल तर उष्णता नि हादरा. हे पान फुकट मिळतं, पण दहातले नऊ जण उघडत नाहीत.

तिसरी, पी०५९७ बरोबर आणखी कुठले कोड आहेत. बऱ्याच गाड्यांत थर्मोस्टॅटच्या हीटरचा फ्यूज एकट्याचा नसतो. टाकीच्या वाफेचा पर्ज वॉल्व्ह, सायलेन्सरवरच्या ऑक्सिजन सेन्सरचा हीटर असे दोन-तीन जण त्याच फ्यूजवर असतात. त्यांचेही कोड सोबत असतील तर थर्मोस्टॅटला हात लावायचंच कारण नाही, फ्यूज बॉक्सकडे चला. एकटा पी०५९७ असेल तर फ्यूज बहुतेक शाबूत आहे आणि दोष वायरला फाटा फुटतो त्याच्या पुढे आहे. तुमच्या गाडीत त्या फ्यूजवर कोण कोण आहे ते तुमच्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम बघूनच कळेल. अंदाजानं वायर कापत बसणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नका.

आता तपासणी. मी माझ्या दुकानात ज्या क्रमानं करतो त्याच क्रमानं सांगतो. गाडी पूर्ण थंड असताना करा, आणि गरम गाडीच्या कूलंटच्या बाटलीचं झाकण कुणाच्याही सांगण्यावरून उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली शंभराच्या वर असतं, झाकण फिरलं की कारंजं तोंडावर येतं. दुकानात आलेल्या दोन माणसांच्या हातावर त्याच्या खुणा पाहिल्यात.

पहिलं काम डोळ्यांचं. थर्मोस्टॅटचा कपलर काढा आणि मोबाइलच्या टॉर्चमध्ये आत बघा. मला तिथं दोन गोष्टी सापडतात. एक म्हणजे कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या रंगीत पाण्याचा, ओलावा किंवा वाळलेला रंगीत थर. या जातीच्या थर्मोस्टॅटमध्ये हीटरच्या पिना प्लास्टिकच्या घरातून बाहेर येतात. आतलं सील खचलं की दाबाखालचं कूलंट पिनेच्या कडेनं थेट कपलरमध्ये झिरपतं. बाहेर एक थेंब गळताना दिसत नाही. दुसरी म्हणजे हिरवा कळंक. पितळेच्या भांड्याची कल्हई गेली की त्यात ताक कळकतं, तेच इथं होतं. पिनेवर कथलाचा पातळ मुलामा असतो. इंजिनच्या थरथरीनं दोन पिना रोज एकमेकांवर केसभर घासतात, मुलामा झिजतो आणि खालचं तांबं उघडं पडतं. वरून कूलंट किंवा दमट हवा लागली की काळा-हिरवा थर चढतो. डोळ्याला पिन पिनेला टेकलेली दिसते, मध्ये मात्र करंट अडतो.

इथं माझीच एक फजिती सांगतो. काही वर्षांमागे उदगीरकडची एक गाडी आली होती, लक्षणं जवळपास तुमच्यासारखी. मी कपलर बघितला, हिरवा होता. गॅरेजवाल्यानं नवा थर्मोस्टॅट आणला, मी कपलर स्प्रे मारून स्वच्छ केला, पिना घासल्या, पैसे घेतले. तीन आठवड्यांनी गाडी परत. परत तेच केलं. तिसऱ्यांदा आली तेव्हा वैतागून कपलरच्या मागची वायर बोटभर सोलली. आत तांब्याच्या तारा काळ्या पडलेल्या आणि ओल्या. निरांजनातलं तेल वातीतून जसं वर चढतं, तसं कूलंट तारांच्या मधल्या फटींतून वायरच्या आतून चढत गेलं होतं. वीतभर मागं गेलो तेव्हा कुठं तांबूस, स्वच्छ तांबं लागलं. मी तोंड पुसत होतो आणि रोग घशात होता. त्या दिवसापासून कपलर ओला दिसला की मी वायर सोलून बघितल्याशिवाय गाडी सोडत नाही. तेवढा तुकडा कापून टाकायचा, वायरीसकट नवा कपलर जोडायचा. काही शे रुपयांचं काम.

डोळ्याला काही सापडलं नाही तर मीटर. कपलर काढलेला असताना थर्मोस्टॅटच्या दोन पिनांमध्ये ओहम मोजा. माझ्या हाताखालून गेलेल्या बऱ्याचशा हीटरांचा आकडा थंड असताना १३ ते १७ ओहमच्या दरम्यान येतो. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली. दोन-चारच ओहम दाखवत असेल तर आत शॉर्ट. आकडा बरोबर असला तरी थंडपणी बरोबर आहे एवढंच सिद्ध झालं. गरम झाल्यावर तार ताणून सुटणारी कॉइलही असते, म्हणून गाडी तापवून, बंद करून, तोच आकडा लगेच परत घ्या. हात सांभाळून.

मग कपलरच्या गाडीकडच्या बाजूला व्होल्टेज. किल्ली ऑन, एका पिनेवर बॅटरीएवढं व्होल्टेज दिसलं पाहिजे. काही गाड्यांत इंजिन चालू झाल्यावरच येतं, ते डायग्राम सांगेल. आणि इथंच बहुतेक जण फसतात. मीटरनं १२ व्होल्ट दाखवले म्हणजे वायर चांगली, असं नाही. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, म्हणून वायरीची एकच तार शिल्लक असली तरी तो पूर्ण १२ दाखवतो. ठिबकची नळी आठवा. शेवटचं टोक बुच मारून बंद असेल तर नळी क्षारानं अर्धी बुजलेली असली तरी दाब पूर्ण दिसतो. टोक उघडलं, पाणी वाहायला लागलं, की दाब कुठं गेला ते कळतं. म्हणून वायरीवर लोड टाका. सप्लायच्या पिनेवरून बॅटरीच्या अर्थला इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब लावा. तो लख्ख पेटला पाहिजे. पिवळट मिणमिणला तर फ्यूजपासून तिथपर्यंत कुठंतरी वायर खाल्लेली आहे.

पण हाच बल्ब इसीएमच्या बाजूच्या पिनेवर लावू नका. थंड बल्ब पेटताना पहिल्या क्षणी त्याच्या नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो, आणि तो ट्रान्झिस्टर तेवढ्यासाठी बनवलेला नाही. ट्रान्झिस्टर तपासायला मी एक जुना थर्मोस्टॅट जपून ठेवलाय, वॉल्व्ह अडकलेला पण कॉइल चांगली. तोच कपलरला जोडतो आणि स्कॅनरमधून हीटर चालू करण्याचा हुकूम देतो. हाताला कॉइलचं घर कोमट लागलं तर इसीएम, वायर, कपलर, सगळी साखळी काम करतेय. पाच-दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, कारण पाण्याबाहेर कॉइल झटकन तापते नि जळते. ही परीक्षा तुमच्या गॅरेजवाल्यानं केली असती तर इसीएमचं नाव तोंडातून निघण्याआधी त्याला पुरावा मिळाला असता, एका बाजूचा नाहीतर दुसऱ्या.

कळंकानं नेमकं काय बिघडतं त्याचा हिशोब करून दाखवतो. हीटर १५ ओहम, गाडी चालू असताना १३.८ व्होल्ट. करंट साधारण ०.९ अँपिअर, म्हणजे मेणाला जवळपास १३ वॉट उष्णता मिळते. आता कपलरमध्ये कळंकामुळे १० ओहम अडथळा आला. एकूण २५ ओहम, करंट ०.५५ वर आला आणि हीटरला मिळाले जेमतेम साडेचार वॉट. म्हणजे एक तृतीयांश. या अवस्थेत कोड पडेलच असं नाही, पण घाटात वॉल्व्ह वेळेवर उघडत नाही. आणि एखाद्या खड्ड्यात पिन क्षणभर पुरती सुटली की मग कोड पडतो. दोष महिनाभर असतो, दिवा एका क्षणात लागतो.

येऊन-जाऊन असलेला दोष पकडायचा तर तो घडवून आणावा लागतो. इंजिन तापवा, लाइव्ह डेटा समोर ठेवा आणि कपलरपासून सुरुवात करून वायरिंग वीत-वीत हलवत मागं जा. जिथं हलवल्यावर कोड पडतो तिथं थांबा. बरेच मीटर सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त व्होल्टेज धरून ठेवतात, ते बटण वापरा, म्हणजे क्षणाचा झटकाही निसटत नाही. थंडीच्या दिवसांत बायकोचा हेअर ड्रायर पण मागून आणलाय मी, कपलर तापवायला. आणखी एक गोष्ट, पिनेची पकड. गाडीकडच्या कपलरमध्ये त्याच मापाची सुटी पिन एकेका घरात घालून ओढून बघा. एकीत घट्ट आणि दुसरीत सैल जात असेल, तर सैल तीच. मीटरच्या जाड टोकानं कपलरमध्ये खोचून खोचून मापं घेणाऱ्यांनी ही घरं पसरवलेली असतात. तुमच्या गाडीत दोनदा थर्मोस्टॅट बदलताना कुणी टोचलं असेल तर तो दोष आता वरकड जमा झालेला असू शकतो.

मराठवाड्यात दोन गोष्टी मी जास्त बघतो, त्याही लिहून ठेवतो. एक उंदीर. सोयाबीन-कापसाचा माल घरात येतो त्या दिवसांत किंवा पहिल्या पावसात बिळं भरली की उंदीर गरम इंजिनवर मुक्कामाला येतात. ते वायर पूर्ण तोडत नाहीत, वरचं प्लास्टिक कुरतडतात. मग दुसऱ्या कुणी त्यावर काळी पीव्हीसी टेप गुंडाळलेली असते. आपल्याकडे ४२-४३ अंशांच्या उन्हात बॉनेटखाली त्या टेपेचा डिंक वितळून चिकट गोळा होतो नि टेप सुटते. वायरिंगवर कुठं चकाकती टेप दिसली की आधी ती उघडा. हाताने पिळलेला जोड निघाला तर दोष बहुतेक तिथंच. नीट क्रिंप केलेला जोड, वर आतून डिंक असलेली हीट श्रिंक नळी आणि त्यावर कापडी हार्नेस टेप, एवढं केलं की परत बघायला लागत नाही.

दुसरं पाणी. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते सगळ्यांना आठवतं. त्या उन्हाळ्यात माणसालाच पाणी नव्हतं तर रेडिएटरला कोण कूलंट घालतो? जे मिळेल ते घातलं, टँकरचं, बोअरचं. पुढची दोन-तीन वर्षं मी त्या गाड्यांचे थर्मोस्टॅट उघडत होतो. आत पांढरा खडूसारखा थर, हीटरच्या सळईवर पुटं चढलेली, सील कडक होऊन चिरलेलं. बोअरच्या पाण्यातले क्षार सील खातात, आणि तेच पाणी पिनांपर्यंत झिरपलं की चांगला वाहक होऊन दोन पिनांमध्ये करंट पळवतं. तुमच्या बाटलीत काय आहे ते मला माहीत नाही. रंग उडालेलं, गढूळ किंवा तळाशी चिखल असलेलं दिसलं तर दोन नवे थर्मोस्टॅट पाच महिन्यांत खरोखरच खराब झाले असण्याची शक्यताही मी धरतो. मग आधी पूर्ण फ्लश आणि तयार मिश्रणाचं कूलंट, किंवा कूलंटमध्ये बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी. बोअर नाही, नळाचंही नाही.

इथपर्यंतचं थोडक्यात: आधी फ्रीझ फ्रेम आणि सोबतचे कोड, मग कपलर डोळ्यानं, कपलर ओला असेल तर वायर सोलून, मग हीटरचा ओहम थंड नि गरम, मग लोडवर सप्लाय, शेवटी इसीएमचा हुकूम. हे सगळं चांगलं निघालं आणि चांगल्या कॉइलचा जुना थर्मोस्टॅट जोडून हुकूम दिल्यावर कॉइल थंडच राहिली, वायर इसीएमच्या पिनेपर्यंत सलग असल्याचं मोजून झालं, तरच इसीएम. आणि तेव्हाही आधी इसीएमचा कपलर काढून तिथं ओल किंवा वाकलेली पिन आहे का ते बघा. कधी कधी थर्मोस्टॅटपासून निघालेलं कूलंट वायरीच्या आतून तिथपर्यंत पोचलेलं असतं.

एका सल्ल्यापासून सावध राहा, कारण तो तुम्हाला नक्की कुणीतरी देईल: "थर्मोस्टॅट काढूनच टाका, आपल्या उन्हात कशाला लागतो?" जुन्या जीपला, ट्रॅक्टरला लोकांनी हे केलं आणि ते चालून गेलं. तुमच्या गाडीत हीटर त्यातच आहे, काढला की हा कोड कायमचा. वर इंजिन कधी पूर्ण तापत नाही, इसीएम जास्त पेट्रोल सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं, ऑइलमध्ये पेट्रोल मिसळतं, आणि मग पी०१२८ येतो. त्याचा अर्थ कूलंट ठरलेल्या तापमानाला पोचतच नाही. हा यांत्रिक दोषाचा कोड, तुमचा विजेचा. दोन्हींत "थर्मोस्टॅट" येतो म्हणून स्कॅनर नवीन शिकलेली पोरं त्यांची गल्लत करतात.

आणखी एक, पातेल्यातली परीक्षा. नवा थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यात टाकून उघडतो का बघायची आपल्याकडे जुनी रीत आहे, आणि साध्या थर्मोस्टॅटसाठी ती चांगलीच आहे. पण बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सहाशे-सव्वासहाशे मीटरवर, पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. तुमचा थर्मोस्टॅट १०५ ला उघडणारा. तो पातेल्यात कितीही उकळला तरी उघडणार नाही, आणि बघणारा म्हणणार, "जॅम आहे, परत करा." त्याच उकळत्या पाण्यात, कपलरची बाजू पाण्याबाहेर धरून, मध्ये दोन अँपिअरचा फ्यूज लावून हीटरला १२ व्होल्ट द्या. मिनिट-दोन मिनिटांत वॉल्व्ह सरकायला लागला तर मेण आणि हीटर दोन्ही चांगले. घरी करायचं असेल तर स्वयंपाकाचं पातेलं घेऊ नका. गाडीतून काढलेल्या थर्मोस्टॅटला कूलंट लागलेलं असतं, ते विषारी असतं, आणि गोडसर चवीमुळे पोरं नि कुत्री त्याला तोंड लावतात.

दुरुस्ती झाल्यावर सिस्टिममधली हवा नीट काढून घ्या. हवेचा फुगा हीटरपाशी अडकला तर कॉइल कोरडी तापते आणि नवा पार्ट जातो. मग कोड मारा आणि गाडी रोजच्या रस्त्यावर चालवा. गावातल्या गावात दोन फेऱ्या मारून "झालं" म्हणू नका. अंबाजोगाईचा चढ, एसी चालू, दुपारची वेळ, असं दोन आठवडे. तुमचा दोष आठ-दहा दिवसांनी परतणारा आहे, तेव्हा पंधरा दिवस गेल्याशिवाय मी स्वतः कुणाला "बरी झाली" म्हणत नाही, आणि पूर्ण पैसेही तोवर घेत नाही.

तोवर गाडी चालवायची का? कोड एकटा असेल, कूलंटची पातळी बरोबर असेल आणि स्कॅनरवर पाणी ११० च्या आत राहत असेल तर सावकाश चालवा. लांबचा घाट आणि भर दुपारचा प्रवास टाळा. पातळी दर आठवड्याला थोडी थोडी उतरत असेल तर मात्र थांबा. ते पाणी कुठंतरी जातंय, आणि तुमच्या बाबतीत ते कपलरमध्ये जात असेल अशी मला दाट शंका आहे.

काढलेले दोन्ही थर्मोस्टॅट गॅरेजवाल्याकडून परत मागून घ्या, फेकले नसतील तर. दोघांच्या पिनांमध्ये ओहम मोजा आणि मला आकडे कळवा. दोन्ही १५ च्या आसपास निघाले तर समजा की पाच महिन्यांत तुमच्या गाडीतून दोन धडधाकट पार्ट काढले गेलेत.